कणगीतलं इंजिन

खून, दरोडे, जत्रेतल्या मारामाऱ्या, सगळं आता पुसट होत चाललंय. हे एक प्रकरण मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. यात रक्त सांडलं नाही, कोणाचा जीव गेला नाही. चुकलो तो मी. म्हणून नावं कोणाचीच लिहीत नाही, पोलीस ठाण्याचंही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूर-मुरबाड पट्ट्यात मी फौजदार होतो. खर्डीच्या अलीकडे एक निवृत्त डॉक्टर राहत. मुंबईत नावाजलेले सर्जन, लग्न केलेलं नाही, शेवटी इकडे जागा घेऊन घर बांधलेलं. त्यांच्याकडे तरुणपणी घेतलेली इटलीची एक लाल गाडी होती. दोघांपुरती, कापडी छपराची आणि जमिनीला अशी चिकटलेली की आमचे हवालदार म्हणायचे, "साहेब, हिच्यात बसलेल्या माणसाचं बूड रस्त्याला घासत असणार बघा." रविवारी सकाळी डॉक्टर मुरबाडच्या बाजूला निघाले की आधी आवाज यायचा, मग गाडी. शेतात वाकलेल्या बाया कंबर सरळ करून बघायच्या आणि हसायच्या.

त्या गाडीवर डॉक्टरांइतकाच जीव असलेला दुसरा माणूस म्हणजे आसनगावजवळच्या एका गावातला मिस्त्री. घरची भातशेती, धंदा भातगिरण्यांची आणि ट्रॅक्टरची इंजिनं दुरुस्त करण्याचा. एकदा डॉक्टरांची गाडी रस्त्यात बंद पडली. याने रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरला धरलं, दुसरं कानाला लावलं, दोन स्क्रू फिरवले आणि गाडी चालू केली. तेव्हापासून वीस वर्षं गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. दोघांमध्ये कागद नाही, करार नाही. तोंडी सांगायचं आणि करायचं.

मग डॉक्टरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना मुंबईच्या रुग्णालयात हलवलं आणि पुतण्या इकडचा कारभार बघायला लागला. त्याला गाडी विकायची होती. मुंबईहून त्याने अशा गाड्यांची पारख करणारा एक गृहस्थ आणला. त्याने बॉनेट उघडलं, विजेरी लावून इंजिनचा नंबर वाचला, जुन्या नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहिला आणि मान हलवली. कारखान्यातून जे इंजिन बसून आलं ते हे नव्हतं. दिसायला तसंच, जातही तीच, पण दुसरं. पुढे त्याचा जबाब घेताना मला त्याने समजावलं, "इन्स्पेक्टर साहेब, अशा गाडीत रंगाला, सीटला कोणी विचारत नाही. जन्मापासूनचं इंजिन त्याच गाडीत असेल तरच ती अस्सल. नाहीतर अर्ध्या किमतीलाही कोणी घेणार नाही."

पुतण्या तडक ठाण्यात आला. मिस्त्रीने मूळ इंजिन चोरलं आणि दुसरं बसवलं, अशी फिर्याद दिली. गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडे आला.

चौथ्या दिवशी आमचा खबऱ्या आला. पेंढ्याचा व्यापारी, घरोघर फिरणारा माणूस. चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, मिस्त्र्याच्या पडवीत एक कणगी हाय. तीन वरसं लिंपलेलीच हाय, एकदा पन उघडली नाय. मानूस भात खायाला भरतो का पुजायाला?"

माझे कान टवकारले. मी स्वतः भातवाल्याच्या घरचा. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसापेक्षा उंच कणगी म्हणजे घराची तिजोरी, हे मला कोणी शिकवायला नको. आणि नोकरीत तोवर दोनदा चोरीचा माल मी कणगीतूनच काढला होता, एकदा तांब्याची तार, एकदा देवळातली घंटा. माझ्या लेखी प्रकरण तिथेच संपलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जीप, चार शिपाई, दोन पंच असा लवाजमा घेऊन गेलो. सगळा गाव गोळा झाला. मिस्त्रीची बायको दारात उभी राहिली. "काय पायजे ते नेवा, पन कणगी फोडू नका," म्हणाली. मला वाटलं, सापडली चोरी! शिपायाने पहार घातली. आतून भात नाही, भाताचं तूस भसाभसा बाहेर आलं. आणि तुसाच्या तळाशी, लाकडी ठोकळ्यांवर, मेणकापडात आणि ग्रीसमध्ये गुंडाळलेलं इंजिन. नंबर पुसून वाचला. पुस्तकातलाच.

इंजिन आधी ठेवून मग वरून बिनबुडाची कणगी बसवली होती, तूस भरून लिंपली होती. आठ दिवसांचं काम. चोर एवढी निगा राखतो का, हे तेव्हा माझ्या मनात यायला हवं होतं. नाही आलं.

मग डॉक्टरांच्या घरून गाडीही जप्त केली. ती चालवत मीच ठाण्याकडे निघालो. खोटं कशाला बोलू, हौस होती. मिस्त्री मागच्या जीपमध्ये, हातात बेड्या. फाटकातून बाहेर पडून मी गियर बदलला तर करकर असा आवाज झाला की माझेच दात शिरशिरले. मागून तो ओरडला, "सायेब, दुसरा टाकू नका! थंड हाय ती! पयल्यातून तिसऱ्यात घ्या, गरम झाल्यावर दुसरा!"

बेड्या पडलेला माणूस गियरची काळजी करत होता. मी शिपायाला हाताने खूण केली, त्याचं तोंड बंद कर.

कोठडीत त्याने एकच पालुपद धरलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मूळ इंजिन थकलेलं, सुटे भाग मिळत नाहीत, तेव्हा ते जपून ठेव, भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं बसव, त्याच्यावर फिरू.

"मग डॉक्टरांच्या घरी का नाही ठेवलंस?"

"तिथं ओल हाय सायेब. चार महिने भिंती रडत्यात. तुसात ओल शिरत नाय. आमी बियानं तसंच ठेवतो ना?"

"आणि कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोनाला सांगायचं? ज्यांचं हाय त्यांना ठावं हाय. डाक्टरांना इचारा."

त्याने 'डाक्टरांना इचारा' सातव्या-आठव्यांदा म्हटलं तेव्हा मी एक कानाखाली वाजवली. स्टेशन डायरीत त्याची नोंद नाही, म्हणून इथे करतो.

डॉक्टरांना विचारायला मी शिपाई पाठवला. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, ते बोलत नाहीत." मी कागदावर लिहिलं, जबाब देण्याच्या स्थितीत नाहीत. रीतसर. बोलता येत नाही म्हणजे सांगता येत नाही, असं मीच ठरवून टाकलं.

इंजिन आणि गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आले. रेतीचोरीतले ट्रॅक्टर आणि अपघातातल्या मोटरसायकली जिथे सडायच्या, तिथेच. इंजिनच्या प्लगच्या भोकांत मिस्त्रीने तेलात बुडवलेल्या चिंध्या कोंबल्या होत्या. आत आणखी काही लपवलंय का पाहा, म्हणून त्या मी उपसायला लावल्या. परत कोणी कोंबल्या नाहीत.

जामीन मिळाल्यावर मिस्त्री हजेरीला यायचा. सही केली की आवाराकडे बघत उभा राहायचा. जून जवळ आला तेव्हा घडी केलेली ताडपत्री घेऊनच आला. "सायेब, नुसती टाकतो वरून. हात लावत नाय. लोकंडात पानी गेलं तर संपलं."

"मुद्देमालाला आरोपीने शिवायचं नाही," मी म्हणालो. कायद्याने बरोबर होतं. ताडपत्री आमच्या शिपायाने टाकली असती तरी चाललं असतं, पण मी तसं सांगितलं नाही. आरोपीचं ऐकल्यासारखं दिसेल, एवढंच कारण.

चार महिने पाऊस पडला. दिवाळीनंतर गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे निकाल लागेपर्यंत सांभाळायला, परत द्यायचा प्रश्न आला, मालकाचा अंगठा हवा होता. या वेळी मुंबईच्या रुग्णालयात मी स्वतः गेलो. डॉक्टर खाटेवर बसलेले. चेहरा वाकडा, पण डोळे एकदम जागे. मिस्त्रीने इंजिन चोरलं असं मी म्हणताच त्यांनी जोरजोरात मान हलवली. डाव्या हाताने खाटेवर थापा मारायला लागले. परिचारिकेने पेन दिलं. त्याच हाताने त्यांनी एक उभट पिंप काढलं, खाली लहान चौकोन, आणि चौकोनाभोवती टिंबं, टिंबं, टिंबं.

"रोज हेच काढतात," परिचारिका म्हणाली. "कोणाला कळत नाही. पुतण्या म्हणतात, पाण्याची टाकी असेल."

मला कळलं. कणगी, इंजिन आणि तूस. सहा महिने तो माणूस रोज जबाब देत होता. घेणारा कोणी गेला नव्हता.

लाज वाटली, फार लाज वाटली. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी न्यायालयात अहवाल दिला, मिस्त्री सुटला. मुद्देमाल परत घ्यायला डॉक्टरांच्या वतीने तोच आला. इंजिन फिरवायला त्याने पान्यावर सगळा भार टाकला. ते हललं नाही. आतल्या सिलिंडरना गंज चढला होता. पारख करणारे गृहस्थ परत येऊन बघून गेले आणि सुट्या भागांच्या भावाने गाडी घ्यायला तयार झाले. डॉक्टरांनी नकार दिला, मान हलवून. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. गाडीचं काय झालं ते मला माहीत नाही.

नोकरीत आम्हाला शिकवतात, पुरावा बोलतो. बोलतो खरा, पण आपल्याला जे ऐकायचं असतं तेच तो बोलतोय असं वाटतं. मला भातवाल्यांची चोरी लपवायची पद्धत माहीत होती, ती शहाणपणा वाटत होती. त्याच भातवाल्यांची वस्तू जपायची पद्धतही मला लहानपणापासून माहीत होती. ती त्या दिवशी आठवली नाही. बारा भानगडी बघितलेल्या माणसाला सगळीकडे तेरावी दिसते.

गुन्हा मिटल्यावर मी मिस्त्रीच्या घरी गेलो. साध्या कपड्यांत, मोटरसायकलवर, एकटाच. तो पडवीत बसला होता. गिरणीवाले आता त्याला बोलवत नव्हते, इंजिन खोलायला दिलं तर भाग गायब करील म्हणून. मी म्हणालो, माझं चुकलं. त्याने पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यायलो. मग तो शांतपणे म्हणाला, "मला नेलात तवा जीप हुती, पोलीस हुते, पंच हुते. सगळा गाव बघत हुता. आता चुकलं म्हनाया एकटंच आलात?"

मी म्हणालो, खरं आहे तुझं. परत येतो, जीप घेऊन, पंचांना घेऊन. चार लोकांत सांगतो.

त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. लोकांना सांगताना मी आजवर इथेच थांबत आलो, बदली झाली म्हणून राहिलं असं. पण हुकूम आल्यापासून सुटण्यापर्यंत चार दिवस माझ्या हातात होते. जीप आवारातच उभी होती. मी गेलो नाही.