आतून झिजलेले टायर

निपाणीपासून बेळगावापर्यंत सरळपणाचं इतकं वेड लागलेला दुसरा माणूस झाला नाही, असं मी आमच्या मामेसासऱ्यांविषयी शपथेवर सांगेन. वकिलाच्या शपथेला जेवढी किंमत असते तेवढी धरा. सौभाग्यवतीचे हे मामा निपाणीत मोटारींचे मिस्त्री. पुढची दोन चाकं सरळ धावतात की नाही हे पाहायला त्यांच्यापाशी एक दोरी आणि एक वेळूची काठी होती. चाकांमधलं अंतर पुढून एक आणि मागून दुसरं भरलं की मामांना जेवण जात नसे. हे वेड मोटारीपुरतं राहतं तर ठीक होतं. आमच्या लग्नात मांडवाबाहेर उकिडवे बसून त्यांनी पाहुण्यांच्या चपला उलट्या करून तळ कुठल्या अंगाला झिजलेत ते पाहिलं आणि भर पंगतीत माझ्या काकांना विचारलं, "आप्पा, डावा गुडघा दुखतोय व्हय?" दुखत होता. बोरगावला दुसऱ्या एका भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलाकडे न बघता दारातल्या बैलगाडीच्या चाकावर हात फिरवून परत आले. "चाक एका अंगानं खाल्लंय आन् घरात कुणाला पत्त्या न्हाय. पोरगी काय सांभाळणार ह्यी?" त्यांचं कुणी ऐकलं नाही. भाची तिथं सुखात नांदली आणि मामा दर दिवाळीला जाऊन ते चाक तपासत राहिले.

लढाईच्या दिवसांत मी एक जुनी मोटार घेतली आणि खटपटीनं पर्मिट मिळवून तिला नवे टायर घातले. आईचे गुडघे धरलेले, तिला पायरी चढवत नाही, तेव्हा गाडी थोडी खाली करून द्या, असं मी मामांना सांगितलं. खरं म्हणजे आमच्या बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबाची जमिनीलगत पळणारी गाडी माझ्या डोळ्यांत भरली होती. आईचे गुडघे मी नुसते पुढं केले. मामांनी चार दिवस गाडी ठेवून घेतली, चाकांवरच्या स्प्रिंगांच्या कमानींतले काही पाटे काढले आणि देताना बजावलं, "जावईबापू, गाडी खाली बसली की चाकं फाकत्यात. म्हैन्याला दोरी लावाय आणा. इसरू नगा."

मी एकदाही गेलो नाही. म्हाताऱ्याला आम्ही वरचेवर यायला हवे असू, एवढंच माझ्या मनात आलं. चार महिन्यांनी खडेबाजारात गाडी उभी असताना कुणीतरी दाखवलं, तेव्हा पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत झाली होती. त्या काळात टायर म्हणजे सोनं. मिस्त्री लोक नवे काढून जुने घालतात, अशी कुजबुज कोर्टात रोज ऐकत होतो. मी तडक निपाणी गाठली आणि दहा गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "मामा, माझे टायर कुणाच्या गाडीला घातलेत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोरी लावली, चाकं सरळ केली, टायर काढून उलटे बसवले आणि हात पुसत म्हणाले, "झिजलेली कड भायेर घेतलीया. हळू चालवा."

घरी येऊन कपाटातलं पर्मिट काढलं. त्यावर टायरांचे नंबर मी माझ्याच हातानं लिहून ठेवले होते. अंगणात जाऊन ताडून पाहिले. चारही तेच.

माफी मागायला मला पंधरा दिवस लागले, आणि गेलो तेही शेडमध्ये कुणी नसेल अशी दुपार गाठून. माणसांत केलेला आरोप मी एकांतात मागं घेतला. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो. च्या घेतासा न्हवं?"

चहा घेतला. पुढंही वर्षानुवर्षं घेतला. त्या गोष्टीचा त्यांनी कधी उच्चार केला नाही. फक्त एक झालं. पूर्वी काम करताना ते गाडीच्या मालकाला शेडमधून हाकलून देत. आता प्रत्येक मालकाला शेजारी उभं करीत, गाडीला हात लावण्याआधी टायरांचे नंबर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेत आणि काम संपल्यावर पुन्हा वाचायला लावत. लोकांना तो मामांचा नवा वेडेपणा वाटे. लोक हसत. एकदा चारचौघांत मीही त्या लोकांबरोबर हसलो आहे.