पाचटाचा धूर

अंबाबाईवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण त्या दिवशी सकाळी देवळात हात जोडले तेव्हा रोजचं स्तोत्रही पुरं केलं नाही. यजमान कामानिमित्त पुण्याला गेले होते आणि तिथेच त्यांना हार्ट अटॅक आला. दिरांचा फोन आला होता, "वहिनी, संध्याकाळी बायपास करायची म्हणतायत. निघा." मनात एकच घोकत होते, आई, मी पोचल्याशिवाय त्यांना ऑपरेशनला आत नेऊ देऊ नकोस. जणू मी दाराशी उभी असले तरच ते वाचणार होते.

यजमान ज्या फाउंड्रीत होते, तिच्या मालकांचं स्वतःचं छोटं विमान होतं. त्यांनाही पुण्याला जायचं होतं. "गाडीनं कशाला, माझ्याबरोबर चला," असं ते म्हणाले. मी विमानात कधी बसले नव्हते. पुढे पायलट आणि मालक, मागे मी. उजळाईवाडीच्या विमानतळावरून उडालो, पंचगंगा मागे पडली, आणि थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज बदलला. ठसका लागल्यासारखं झालं, मग ते नुसतंच घरघरू लागलं.

"इंजिन ताकद देत नाही. पट्टे घट्ट करा," पायलट म्हणाले.

"अहो, मग परत वळवा की!" मालक ओरडले.

"तेवढी उंची नाही, साहेब."

खाली जिकडे बघावं तिकडे उभा ऊस आणि विजेच्या तारा. रोजचं स्तोत्र आठवेना. एवढंच मनात आलं, आई, मी काही आता पोचत नाही. त्यांना तूच बघ. असं म्हटल्यावर भीती गेली असं नाही. पण मुठीत आवळून धरलेलं काहीतरी सुटलं.

तेवढ्यात पायलटांना धूर दिसला. कुणीतरी उसाचं पाचट, तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवलं होतं, आणि त्याच्या शेजारीच ऊस तोडून मोकळं झालेलं रान होतं. "वारं तिकडून आहे," असं धुराकडे बघत पुटपुटून त्यांनी विमान वाऱ्याच्या समोर वळवलं आणि सरीच्या रेषेत खाली घेतलं. मोठा दणका बसला, पुढचं चाक मोडलं, काचा फुटल्या, आणि सगळं थांबलं.

पेट्रोलचा वास येत होता. मालकांचा हात मोडला होता. पायलटांनी त्यांना बाहेर ओढलं. माझा पट्टा काही केल्या निघेना. तेवढ्यात दारातून एक बाई आत वाकल्या. डोक्यावर पदर, चेहरा धुरानं काळवंडलेला. "हलू नगा बाई, कापते," म्हणत त्यांनी हातातल्या विळ्यानं पट्टा कापला आणि मला काखेत धरून बांधापलीकडे नेलं. विमान पेटलं नाही.

"सकाळधरनं पेटवतोय, दवानं पेटतच न्हवतं," त्या म्हणाल्या. "आत्ताच कुठं पेटलं बगा. आन् ऊसतोडीची टोळीबी पुढच्या आटवड्यात येणार हुती, कालच येऊन ऊस तोडून गेली."

त्यांना मी आक्का म्हटलं. पुण्याचं कळताच त्यांनी आपल्या नवऱ्याला जीप काढायला लावली. "आदी पावण्यांस्नी दवाखान्यात सोडा, मग ह्या बाईंस्नी पुण्याची यस्टी धरून द्या," असं बजावून त्यांनी माझ्या पदराला भाकरी बांधून दिली.

एसटीत प्रत्येक थांब्याला जीव वरखाली होत होता. पोचले तेव्हा अंधार पडला होता. दीर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच बसले होते. त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना.

"वहिनी, डॉक्टर थांबायला तयार नव्हते. दुपारीच आत घेतलं. झालं ऑपरेशन, व्यवस्थित झालं."

मी तिथेच खाली बसले. मी उसाच्या रानात असताना इकडे सगळं पार पडलं होतं. दाराशी मी नव्हते.

वारं, धूर, आधी आलेली टोळी, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला वाद घालायचा नाही. दर नवरात्रात मी देवीची ओटी भरते आणि दुसरी आक्कांची. देवीकडे मागणं काही सुटलेलं नाही, संसारी माणूस आहे, मागते. पण मागून झालं की उंबऱ्याशी घुटमळत नाही. घरी येते, कुकर लावते. पुढचं ती बघते.