केळीनं पान टाकेपर्यंत

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. लग्न झालं म्हणजे थांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं. सासरी गेल्यावर ती जास्तच जोरात फिरू लागली. मला सौंदडजवळच्या एका खेड्यात दिलं होतं आणि माहेर तिरोड्याकडचं. अंतर तसं फार नाही, पण आधी बैलगाडी, मग अरुंद रुळांची छोटी गाडी, मग गोंदियाला उतरून मोठी गाडी, असा सगळा खटाटोप. तरी त्या उन्हाळ्यात काही ना काही निमित्त काढून मी पुन्हा पुन्हा माहेरी जाऊन आले.

आषाढात परत निघाले तेव्हा आईनं आमच्या केळीचं एक पिल्लू मातीसकट पोत्यात बांधून दिलं. "तिकडं लाव," ती म्हणाली, "तुया जीव रमल." मी ते घरामागच्या सांदवाडीत, वांग्या-मिरच्यांच्या पलीकडे लावलं. थोडे दिवस त्यानं बरा जीव धरला. मग अडकलं. नव्या पानाचा पोंगा, म्हणजे ती गुंडाळलेली सुरळी, बुंध्याच्या तोंडाशी आली आणि तिथंच थांबली. वर येईना की उलगडेना. घास अडकलेल्या माणसाकडे बघून आपलाच गळा आवळतो, तसं मला तिच्याकडे बघून व्हायचं.

रोवणा चालू होता. गावातल्या बाया आमच्या बांधीत ओळीनं वाकून धानाचं रोप लावत होत्या. मी गुडघाभर चिखलात उभी राहून दिवाळीची गोष्ट काढली. भाऊबीज झाली की आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तर मला जरा आधीच जाऊ द्या म्हटलं. श्रावणात दिवाळी! सासूबाईंनी पाठ सरळ केली.

"काऊन वो, इथं काटे टोचून राहिले का तुले? तुया मायची केळ आमच्या मातीत बसली नाई, आन् तू बी नाई बसली. केळीनं नवं पान टाकलं का मंग जाय दिवाळीले. नाईतं नाई."

बाया हसल्या. रोवण्यात बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत गावभर होतो. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जी ती मला विचारू लागली, "काय म्हणते तुयी केळ?"

मला राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. दिवाळीला आईचं दार दिसणार की नाही, हे आता त्या मुक्या झाडाच्या हातात गेलं होतं. मी सकाळी उठले की आधी सांदवाडीत. भात चुलीवर ठेवला की सांदवाडीत. जेवण वाढता वाढता एकदा जाऊन आले तेव्हा नवरा म्हणाला, "ते का पळून जाऊन राहिलं?" तो एरवी कशात पडत नसे.

सासऱ्यांनी झाड पाहिलं आणि निदान केलं, "पाणी कमी पडून राहिलं." आमच्याकडे दुसरं निदानच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या धान करणारी माणसं. पाणी अडवलं की पीक येतं, ही त्यांची सगळी विद्या. त्यांनी केळीभोवती छान धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला, चोपून चोपून गुळगुळीत केला, आणि बांधीसारखं पाणी भरून दिलं. मी पण रोज घागर ओतू लागले. झाड पाण्यात उभं. खालची पानं पिवळी पडली, पोंगा होता तिथंच.

भाद्रपदात पावसानं ओढ दिली. मला एक दिवस कंटाळा आला, संतापच आला म्हणा, आणि मी ठरवलं की आता एक थेंब घालणार नाही, मरायचं तर मर. पण धुऱ्याच्या आत पाणी तसंच. पाऊस नाही, मी ओतत नाही, सासरे दिवसभर शेतात. मग हे येतं कुठून? मी दुपारी गोठ्याच्या आडोशाला उभी राहिले. सासूबाई आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि तांदळाच्या धोवणाचं भांडं केळीत रितं केलं. मग पुन्हा जाऊन घागर भरून आणली.

माझं डोकं फिरलं. सुनेनं बोलू नये तसं बोलले. "आत्याबाई, तुम्ही माया केळीले मारून राहिल्या! मले जाऊ द्यायचं नाई म्हून!"

त्यांनी घागर खाली ठेवली. मग त्याही भडकल्या. "मारू कायले? तुले जायचं हाये म्हूनच तं रोज पाणी घालून राहिली मी!"

"मंग तशीच धाडा ना मले."

"कशी धाडू? साऱ्या बायांसमोर बोलून बसली ना मी. आता शब्द फिरवला तं उद्या गावात तोंड कसं दाखवू?"

मला हसू आलं आणि रडूही. सासऱ्यांचं पाणी, माझं पाणी, सासूबाईंचं पाणी. अति तिथं माती म्हणतात, इथं तर मातीही उरली नव्हती. मी तिथंच वाकून धुऱ्याखाली हात घातला. कुजका वास आला आणि मुळं हातात आली ती मऊ, शिजलेल्या भाजीसारखी. मी कुदळ आणली आणि धुरा फोडला. पाणी मिरच्यांत गेलं. संध्याकाळी सासरे आले आणि फुटका धुरा बघून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांची भरली बांधीच फोडली होती. "पाण्याबिगर कोणतं झाड जगते?" त्यांनी विचारलं. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "ते धान नोहे," आणि विषय संपवला.

आम्ही दोघींनी बुडाची कुजकी मुळं काढली, कोरडी माती टाकून उंचवटा केला, त्यात शेणखत आणि चुलीतली राख घातली. मग वाट पाहणं. ते मला कधी जमलंच नाही. नवरात्र गेलं, कोजागिरी गेली. बुंधा घट्ट झाला, बुडाशी पांढरी मुळं फुटलेली मी उकरून पाहिली. सासूबाई ओरडल्या, "उकरशील तं जगल कशी?" पण तो मेला पोंगा गळ्यातच. त्याचं टोक सुकून तपकिरी झालं होतं आणि त्यानं वाटच बुजवून टाकली होती. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला. जगात चाललेल्या मोठ्या लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, अंधार पडला की सारं घर नुसतं बसून राहायचं, आणि मला तर बसवत नव्हतं.

भावाचा निरोप आला की धनतेरसला न्यायला येतो. निरोप आला त्याच सकाळी मी कापणीला निघाले होते, हातात इळा होता. जाता जाता सांदवाडीत डोकावले. तोच पोंगा. मी काही विचार केला नाही. कमरेएवढ्या उंचीवर धरून एका घावात बुंधा आडवा कापला. वरचा भाग पानांसकट वांग्यांवर पडला.

सासूबाई धावत आल्या. मला वाटलं आता हात उगारतील. त्या कापलेल्या बुंध्याजवळ बसल्या आणि पदरानं त्याचं पाणी टिपू लागल्या. "आता तं गेलीच ना वो तुयी दिवाळी," एवढंच म्हणाल्या. मी कापणीला गेले. दिवसभर माझा इळा धानावर कमी आणि माझ्याच बोटांवर जास्त चालला.

परत आले तर त्या अजून सांदवाडीतच. मला हातानं खुणावलं. कापलेल्या तोंडाच्या मधोमध बोटभर पांढरट-हिरवा गाभा वर आला होता. सकाळी तो सपाट कापलेला मी स्वतः पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तो वीतभर झाला. मग एका उन्हाच्या दुपारी त्याची गुंडाळी सैल झाली आणि पान उघडलं. टोक माझ्या इळ्यानं छाटलेलं, त्यामुळे बोथट, कान कापलेल्या वासरासारखं. पण पान होतं. सासूबाईंनी रोवण्यातल्या झाडून साऱ्या बायांना घरी बोलावलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "पाहा. पान हाये का नाई?"

एक जण म्हणाली की हे अर्धंच आहे. सासूबाई तिच्यावर अशा काही तुटून पडल्या की बाकीच्यांनी घाईघाईनं पूर्ण आहे म्हणून कबूल केलं.

धनतेरसला भाऊ आला. सासूबाई कधी ठेसनावर येत नसत, त्या दिवशी बैलगाडीत चढून बसल्या. वाटभर मी सारखी मान बाहेर काढून बघत होते, गाडी चुकते की काय म्हणून. सौंदडला छोटी गाडी उभीच होती. मी उडी मारूनच डब्यात चढले. त्या खाली, खिडकीच्या गजाला धरून.

"पान तं आलं," त्या म्हणाल्या. "आता तू येशील ना वापस?"

तेव्हा मला कळलं की इतके महिने त्यांना कसली भीती होती. आमच्या भागात मंडईला माहेरी गेलेल्या पोरी कधी कधी सासरी परत येतच नसत. आणि मी तर सगळ्या गावाला दिसेल इतकी उतावीळ होते. मी "हो" म्हटलं. लगेच म्हटलं, जरा मोठ्यानंच. गाडी हलली तरी त्यांनी गज सोडला नाही, थोडं बरोबर चालल्या. ते "हो" मी मनापासून म्हटलं की त्यांनी गज सोडावा म्हणून म्हटलं, हे मला गोंदिया येईपर्यंत ठरवता आलं नाही.