उपासाचं मीठ

मी सावरगावची, हे पांढुर्ण्याचे. मधात जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन काठांची गोटमार होते, ती साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. आमच्या घरी ती बारा महिने चालते, फक्त दगड नसतात. हे नगरपालिकेतून रिटायर झाल्यापासून तर जास्तच, कारण आता नवरा दिवसभर घरात.

त्या वर्षीचं भांडण मिठावरून होतं. सौसरच्या डॉक्टरांनी यांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं, छातीची तपासणी केली आणि सांगितलं की बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार, हृदयावर ताण आला आहे. असंच राहिलं तर हार्ट फेल होईल. मी तिथेच तोंडाला पदर लावला. मला वाटलं, हार्ट फेल म्हणजे माणूस बसल्या जागी गेला. डॉक्टरांनी समजावलं की तसं नाही, हृदय बंद पडत नाही, थकते. कमी व्होल्टेजवर विहिरीची मोटर चालते ना, तसं. पाणी येते, पण जोर नसतो. मग पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले. गोळी रोज घ्यायची, चालायचं, आणि मीठ नावापुरतं. पापड, लोणचं, शेव तर बंदच.

यांना काही पटलं नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपी कसलं, असं बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत होते. तरी गोळी रोज घेत, ते मी मान्य केलं पाहिजे.

मीठ माझ्या हातात होतं, म्हणून ते मी मनावर घेतलं. लसूण वाढवला, लिंबू पिळलं, वरणात अंबाडीची भाजी घातली. काही केलं तरी अळणी ते अळणीच. बिनमिठाचा ठेचा म्हणजे तर शिक्षा आहे, बाप्पा. पहिल्या घासाला हे असं तोंड करत की जसं मी एरंडेल पाजलं. मग एक दिवस यांनी मुकाट्यानं वाटी संपवली आणि वर म्हणाले की आज जमलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी हुरळून गेले. अळणी कसं रांधायचं ते मला विचारा, असं गल्लीतल्या बायांना सांगत सुटले.

पण तरी यांच्या पायांवर सूज येऊ लागली. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसत, बोट दाबलं की खड्डा पडे. गच्चीवर चढताना हे अर्ध्या जिन्यात थांबत आणि मी पाहिलं की म्हणत, आकाश पाहून राहिलो. डॉक्टरांकडे गेलो तर बीपी तसंच वर. त्यांनी मिठाचं विचारलं, मी छाती ठोकून सांगितलं की चिमटीच्या वर घालत नाही. त्यांनी गोळी वाढवली आणि म्हणाले, आता फरक पडला नाही तर नागपूरला भरती करावं लागेल. मला भीती वाटली, खरंच वाटली. मी भांडकुदळ बाई, पण भांडायला समोर माणूस लागतो ना.

मग एकदा मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदारानं सहज विचारलं की काकू, आजकाल तुमच्या घरी रोजच उपास आहे का, काका सारखे शेंदेलोण घेऊन जातात. शेंदेलोण म्हणजे सैंधव, उपासाला चालते ते. हे तरुणपणापासून जामसांवलीच्या मारुतीचा शनिवार धरतात. त्या दिवशी मीठ खात नाहीत, साबुदाण्याच्या उसळीत मी शेंदेलोणच घालते. पण मंगळवारी आणि बुधवारी कशाला?

मी घरी आले, यांना ताट वाढलं आणि पाणी आणते म्हणून दाराआड उभी राहिले. यांनी बंडीच्या खिशातून डबी काढली आणि माझ्या वरणावर असं भुरभुरलं की जसं पेरणी चालली आहे. मी समोर जाऊन कमरेवर हात ठेवला. माणसानं लाजावं की नाही? हे शांतपणे म्हणाले, "हे मीठ नाई. मीठ असतं तर उपासाले चाललं असतं काय?"

मी म्हटलं, खारट लागते ना, मग मीठच आहे. मारुतीला चालत असेल, तुमच्या छातीला चालत नाही. हे भांडतील म्हणून मी कंबर कसूनच होते. पण यांचा चेहरा उतरला. हात ताटातच राहिला.

"मंग माझे आतापर्यंतचे सारे शनवार मोडले काय?"

तेव्हा कुठे मला कळलं. चवीचा हट्ट होता, पण त्याच्याखाली हे होतं. शेंदेलोण मीठ निघालं तर या माणसाचं जन्मभराचं व्रत जात होतं. तरी बोलायचं ते बोललेच.

"उपास मोडला तर पुढचा शनवार येते. तुमाले काई झालं तर या वयात मले दुसरा नवरा कोण देते? आन् देल्ला तरी तो इतका भांडन काय?"

हे हसले नाहीत. डबी माझ्या हातावर ठेवली आणि उरलेली भाकर अळणी वरणात कुस्करून खाल्ली, पहिल्यासारखंच तोंड वाकडं करून. ते वाकडं तोंड पाहून मला किती बरं वाटलं, काय सांगू.

सूज हळूहळू उतरली. बीपी खाली आलं. डॉक्टर म्हणाले, हृदय सावरलं आहे, पण गोळी आणि पथ्य आता सोडायचं नाही. त्या दिवशी शनिवार होता, म्हणून सौसरहून तसेच जामसांवलीला गेलो. तिथे मारुती निजलेला आहे. आमच्या यांना वाटते, निजलेल्याला ऐकू जावं म्हणून जोरात बोललं पाहिजे. हात जोडून हे साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाले, "मारुतीराया, माझे मागचे शनवार धर नाई तर नको धरू. पण हिच्या हातचं अळणी मले अजून लय वर्सं खाऊ दे."

रांगेतल्या बाया हसल्या. मला रडू आलं. चारचौघांत रडवलं म्हणून पांढुर्णा येईपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही.