गुडघे गेलेली जर्मन गाडी

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून जेवढे म्हणून स्क्रू असतील, त्यांतले निम्मे आमच्या मामेसासऱ्यांनी एकदा तरी काढून पुन्हा बसवले आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांवर त्यांची नजर आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. लग्नानंतर बायकोबरोबर पहिल्यांदा दहिवलीला त्यांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा पाया पडायला मामा शोधले, तर ते अंगणात एका काळ्याभोर, लांबलचक जर्मन गाडीखाली होते आणि बाहेर फक्त दोन पाय दिसत होते. नमस्काराला तेवढेच लागतात म्हणून मी वाकलो. "सुखी ऱ्हावा, जावयबापू," गाडीखालून आशीर्वाद आला, "आन् तो बारा नंबरचा पाना द्या जरा." त्या दिवशी मी पाना दिला आणि या माणसाच्या तावडीत सापडलो, तो आजतागायत सुटलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर सुटायची इच्छाही नाही.

मामा मुंबईच्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठचं कळंबजवळ फार्महाउस होतं. दर शनिवारी मामा त्यांना घेऊन यायचे आणि सोमवारी परत न्यायचे, अशी अकरा वर्षं त्यांनी ही गाडी चालवली. पुढे शेठनी नवी गाडी घेतली आणि हिच्याकडे बघून म्हणाले, "आता हिचं काय करायचं? तूच घेऊन जा." दुसरा कुणी असता तर त्याने त्याच दुपारी भंगारवाल्याला गाठलं असतं. मामांनी नारळ फोडला. त्या वेळी गाडीचं वय माणसाच्या हिशेबाने साठीच्या पुढे गेलेलं होतं. मागच्या सीटला मालिश करण्याची सोय होती, पण ती आता फक्त उजव्या बाजूला होते आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही. मागच्या काचांना आपोआप वर येणारे पडदे आहेत, ते कधी येतील ते त्यांनाच ठाऊक. एकदा कर्जतच्या बाजारातून जाताना ते अचानक वर सरकले, तेव्हा आत कुणी मंत्री आहे असं समजून एका हवालदाराने सलाम ठोकला होता. मामांनी तो घेतला.

पण या गाडीचं खरं वैभव म्हणजे तिचे गुडघे. साध्या गाड्यांना खाली स्प्रिंगा असतात, हिला हवेच्या पिशव्या आहेत. म्हातारपणामुळे त्यांतली हवा हळूहळू जाते, आणि उभी करून ठेवलेली गाडी सकाळी बघावी तर पार जमिनीला टेकून बसलेली असते. मामा आंघोळ करून येतात, चावी फिरवतात, आणि मग काय तो सोहळा! आधी पोटातून एक घरघर, मग मागची बाजू वर, मग एक विचार केल्यासारखा थांबा, आणि मग पुढची बाजू वर. गोठ्यातली म्हैस उठते ना, अगदी तश्शी! आळीतल्या बाया न जेवणारी पोरं कडेवर घेऊन यायच्या, "ती बघ, ती बघ, उठली! आ कर!" म्हणत एकेक घास कोंबायच्या. मामा काचेतून त्या पोरांकडे बघून असे मान डोलवायचे, की जणू सगळ्या दहिवलीचं बालसंगोपन त्यांच्याच शिरावर आहे.

गाडीच्या बाबतीत मामांचे नियम कडक. दार आपटणारा माणूस त्यांच्या लेखी माणसातून उठला. "दार लावायचं नसतं, दाराला सांगायचं असतं," असं ते म्हणतात, आणि खरोखरच दोन बोटांनी दाराला असं काही समजावतात की ते लाजत लाजत बंद होतं. माझ्या मेव्हण्याने एकदा ते धाडकन लावलं, तर मामा त्याच्याशी गणपतीपासून दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं आहे, आणि रोज पूजा झाल्यावर त्यातलं एक पान ते बोट ठेवून वाचतात. इंग्रजी फारसं येत नाही, पण चित्रं पाठ आहेत. रबरी वायसर उन्हाने कडक होतात म्हणून ते फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीखाली. ब्रेकची पॅडं पापडाच्या डब्यात. मामी एकदा मला शांतपणे म्हणाल्या, "तुमी आपले घरून डबा आनत जा हो. कदी फोडनीत काय पडंल, मला पन सांगता यायचं नाय."

या मामी म्हणजे कळंबच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीतल्या अंगणवाडीच्या बाई. पस्तीस वर्षं त्या दहिवलीहून मिनीडोरने, म्हणजे आमच्याकडच्या सहा माणसांच्या आणि प्रत्यक्षात अकरा जणांच्या रिक्षाने, रोज ये-जा करत होत्या, आणि शेवटची काही वर्षं तर दारात ही काळीभोर जर्मन गाडी उभी असताना! कारण गाडी घरी आली त्याच आठवड्यात मामी मोठ्या हौसेने पैठणी नेसून मामांशेजारी पुढे बसल्या होत्या, आणि भर बाजाराच्या दिवशी, चारफाट्यावर, चारही रस्ते अडवून गाडी बंद पडली. ऑटोमॅटिक असल्यामुळे ती ढकलून चालू होत नाही, ढकलून फक्त पुढे जाते. भाजीवाल्यांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत पंधरा-वीस माणसांनी ती घरापर्यंत ढकलत आणली, आणि मामी तोंडावर पदर घेऊन आत. घरी उतरल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "ही बया कुनी हात न लावता ज्या दिवशी जाऊन येईल, त्या दिवशी मी बसंन. तोवर माझं नाव काडायचं नाय." तेव्हापासून मामांच्या आयुष्याला एकच ध्येय उरलं. बाकी जग त्या गाडीत बसून गेलं, आळीतल्या तीन नवऱ्या त्यातून सासरी गेल्या, मी तर किती वेळा बसलो आणि उतरून किती वेळा ढकलली याची गणती नाही; पण मामांना हवी होती ती एकच सवारी, आणि ती दारात उभी राहून मिनीडोरला हात करायची.

गाडीचं माहेर चौक गावात. जुन्या हायवेवर तिथे एक मिस्त्री आहेत, तेवढेच एक हिला हात लावू शकतात. महिन्यातून एक तरी रविवार मला धरून मामा कर्जत-चौक रस्त्याला लागणार. मिस्त्री बॉनेट उघडून दर वेळी तेच बोलणार, "मामा, ही गाडी नाय, हत्ती हाय. पोसायला राजा पायजे." आणि मामा दर वेळी तितक्याच ताठ मानेने, "मग मी कोन हाय?" एका दसऱ्यानंतर तर गाडीने कहर केला. हळू चालवली की आतून टूं-टूं-टूं असा अखंड ठणाणा! गाडी सांगत होती की समोर काहीतरी आहे, आणि समोर तर काहीच नव्हतं. मामा भयंकर उत्तेजित झाले. त्यांनी सीटखालचे गालिचे काढले, वायरी सोडवल्या, मिस्त्रींनी बंपर उतरवून परत चढवला, चौकच्या ढाब्यावरच्या एका अनुभवी ट्रकवाल्याने "हिला काही तरी दिसतंय" असं हलक्या आवाजात सांगितलं, त्यावर मामांनी आणखी एक लिंबू-मिरची आणून बंपरला बांधली. ठणाणा दुप्पट झाला! तीन आठवडे असे गेले. शेवटी एका सकाळी अंगणात तांदूळ निवडता निवडता मामी म्हणाल्या, "अवो, ते लिंबू त्या बारक्या डोळ्यापुढं लोंबतंय, ते आदी काडा." बंपरवर समोरचा अडथळा ओळखणारे जे वाटोळे डोळे असतात, त्यांच्या बरोबर पुढे दसऱ्याच्या पूजेची लिंबू-मिरची झुलत होती. प्रत्येक दुरुस्तीत ती भक्तिभावाने सोडवून पुन्हा जागच्या जागी बांधली जात होती! मामांनी दोन दिवस बॉनेटला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मामींकडे बघत मला म्हणाले, "हिला गाडीतलं कळतं रं. नुसती बसत नाय."

मग मामींच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला, आणि मामांना अक्षरशः पंख फुटले. निरोप समारंभ संपला की मामींना वाडीवरून घरी आणायचं ते याच गाडीतून, हे त्यांनी ठरवून टाकलं. मामी हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत, एवढं एकच म्हणाल्या, "बगू." त्या एका शब्दावर मामा दोन महिने जगले. हवा भरणारा पंप नवा आला. पट्टे बदलले, बॅटरी बदलली, ब्रेक बदलले. मामा गाडी ओळखतात ती कानांनी. जे कुरकुरलं त्या प्रत्येकाला त्यांनी धरून सरळ केलं. शेवटच्या आठवड्यात तर त्यांनी चौकला पाच फेऱ्या मारल्या आणि पाचही वेळा गाडी कुणी हात न लावता परत आली. मला फोन करून ओरडले, "जावयबापू, बसलीच नाय! रातभर उभी हाय!"

समारंभाला वाडी लोटली होती. मामींनी ज्यांना क, ख, ग शिकवलं ती पोरं आता मिशावाले बाप्ये झाली होती. सरपंचबाईसुद्धा मामींच्याच हाताखालून गेलेल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि मामांनी गाडी अंगणवाडीच्या दारात आणून लावली. चकाकत होती! पुढच्या सीटवर भेट मिळालेला हंडा, समई आणि आंब्याची दोन रोपं ठेवली. मामींनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मामांकडे पाहिलं, आणि मागे, डावीकडे, जिथे शेठ बसायचे त्या जागेवर जाऊन बसल्या. मी तुम्हाला सांगतो, टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही, पण सगळ्यात जोरात मीच वाजवत होतो! मामांनी दाराला सांगितलं, दार लागलं, गाडी निघाली, आम्ही सगळे मागून चालत. शंभर पावलं गेली असेल. एक आचका दिला आणि बंद पडली.

टाकीतला पेट्रोलचा पंप गेला होता. बिचारा वीस वर्षांत एकदाही कुरकुरला नव्हता, म्हणून मामांच्या कानांना तो कधी सापडलाच नाही. पण हे नंतर कळलं. त्या घडीला मामा तीनदा चावी फिरवून खाली उतरले, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. सत्तरीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चावी. मागचं दार उघडून खालच्या मानेने म्हणाले, "उतर गं. मिनीडोर बगतो."

मामी हलल्या नाहीत. "कशाला उतरू? पस्तीस वर्सं मिनीडोरच बगितली." मग शालीचा पदर सावरून त्यांनी उघड्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि अंगणवाडीतल्या खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "काय बगत उबे ऱ्हायलाव रं? ढकला!"

आणि सगळी वाडी धावली! एक पोलीस शिपाई, दोन टेंपोवाले, पदर खोचून सरपंचबाई, मी, सगळे गाडीला लागलो. कुणीतरी एक-दोन-तीन म्हणायला सुरुवात केली, तर मामी आतून ओरडल्या, "रांगेत! धक्काबुक्की नको!" आणि ते मिशावाले बाप्ये खरोखर रांगेत आले. मी खिडकीपाशी होतो. मामा स्टिअरिंग धरून बसले होते, बंद गाडीचं ते स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं, आणि मागून मामी त्यांना म्हणत होत्या, "दमानं चालवा. मला घाई नाय."

पुढच्या रविवारी मी दहिवलीला गेलो तेव्हा मामा टाकी उतरवून बसले होते. मी जरा चाचरतच म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुमचे डोळे भरले होते." त्यांनी पंप पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "अकरा वर्सं वरच्या आरशात शेठ बगितला. त्याची बायको बगितली, पोरं बगितली, पाव्हनं बगितलं. त्या जागंवर आपलं मानूस कदी दिसलंच नवतं रं."

या माणसाच्या वेडावर मी इतकी वर्षं हसलो, आणि त्याला काय हवं होतं ते मला कळलंच नव्हतं. आरटीओच्या कागदांप्रमाणे गाडीला आता फार दिवस उरलेले नाहीत. मामांना ते ठाऊक आहे, मामींनाही. दर रविवारी उन्हं उतरली की दोघं निघतात, गाडी नेईल तिथवर जातात. कधी चौकपर्यंत, कधी नदीच्या पुलापर्यंत, कधी नुसतं आळीच्या टोकापर्यंत. ती जिथे थांबेल तिथे मामी मागे निवांत बसून राहतात, आणि मामा बॉनेट उघडायला उतरण्याआधी तो आरसा जरासा नीट करून घेतात.