सकपाळ सरांच्या गाडीचं बजेट

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला घेतली की गाडी तयार व्हायच्या आधी किस्से तयार होतात, हे अनुभवाने सांगतो. नट हरवला की एक किस्सा, तोच नट सापडला की दुसरा. आमच्याकडे इतके साठले होते की कोर्टासमोर चहा पिताना लोक मला उभं करून विचारायचे, "भाऊसाहेब, तो सलूनचा सांगा." मी महाडच्या कोर्टात कारकून. कागदावर आहे तेवढंच घडलं, असं मानणाऱ्यांतला. त्यामुळे हे किस्से सांगताना माझीच जास्त पंचाईत होते.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. टोळकं तिघांचं. हायस्कूलचे सकपाळ सर, एसटी डेपोतला जाधव फिटर आणि मी. गाडी सरांची, हात जाधवचे आणि अक्षर बरं म्हणून बजेटची वही माझ्याकडे.

गाडी म्हणजे काळी, चार दारांची, विलायती. बावीस वर्षांपूर्वी ती महाडच्या एका डॉक्टरची होती आणि सरांचे वडील तिच्यावर ड्रायव्हर होते. एके दिवशी डॉक्टरला न विचारता त्यांनी गाडी काढली आणि ती आंबेनळीच्या घाटात दरीत गेली. वडील गेले. डॉक्टरने "गाडी चोरून नेली" असा जबाब दिला, पुढे दवाखाना विकून तो मुंबईला निघून गेला. काकूंनी, म्हणजे सरांच्या आईने, शाळेत पाणी भरून मुलाला शिकवलं. मुलगा त्याच शाळेत मास्तर झाला, तरी मागच्या बाकावरून "गाडीचोराचा पोरगा" हे ऐकू यायचंच.

म्हणून सरांनी ठरवलं होतं. एव्हाना तिचे भाग गावोगाव पांगले होते, तरी तीच गाडी विकत घ्यायची. एकेका भागाचे पैसे मोजायचे, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून पावती घ्यायची आणि आईला बसवून गाडी बाजारातून फिरवायची.

"पावत्यांची फाईल काखेत मारून फिरणार," सर म्हणाले. "मग बघू कोण चोर म्हणतो ते."

*

बजेट आम्ही सरांच्या पडवीत केलं. मी विचारायचं, जाधवने आकडा सांगायचा.

"बॉडी?" "तीनशे." "सीट?" "पन्नास." "इंजिन?" "दीड हजार धर. जाम झालेलं असनार."

टोटल आली चार हजार सहाशे. सरांची पोस्टातली सगळी शिल्लक तेवढीच होती.

"भाऊसाहेब, बजेट म्हंजे पंगतीचा अंदाज," जाधव म्हणाला. "शंभर मानसं बोलवायची, दीडशे पानं मांडायची. आनखी दोन हजार लागनार बघ."

त्यालाच काय, जुनी गाडी उघडलेल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. आमचं उलटं होणार आहे असं त्या दिवशी कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

*

दरीतून ओढून वर काढलेली बॉडी पोलादपूरच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात होती. आत इंजिन तसंच, आणि त्याने त्यात कोंबड्या ठेवलेल्या. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे पावणेअकरा झाले असतील. सरांनी तीनशे रुपये पुढे केले.

"पैसं नको. न्या तेवढी," तो म्हणाला.

"फुकट नको मला. किंमत सांगा."

"वाईच थांबा. बघा."

आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळाने गाडीतल्या सगळ्या कोंबड्या एकदम उठल्या, एकामागोमाग एक बाहेर आल्या आणि गाडीकडे पाठ करून अंगणात बसल्या. आवाज नाही, फडफड नाही. मी घड्याळ पाहिलं. बरोबर अकरा.

"रोजचं हाय," शेतकरी म्हणाला. "बारा वाजले की परत आत जातात. पावसात पन भायेर बसतात."

सर हटून बसले तेव्हा त्याने एक रुपया घेतला, पावतीवर अंगठा दिला आणि आमच्यादेखत तो रुपया मारुतीच्या पेटीत टाकून आला. बजेट तीनशे, खर्च एक.

जाधव परतीच्या वाटेवर म्हणाला, "अंडी देतात का, ते इचारायला पायजे होतं."

*

पुढचं सीट महाडच्या बाजारात एका सलूनमध्ये गिऱ्हाइकांना बसायला ठेवलं होतं. चांगलं लांबलचक, तिघं आरामात बसतील असं. दोघे बसले होते, तिघे उभे होते आणि सीटची उजवी बाजू रिकामी होती.

"बसा की," मी त्या उभ्या असलेल्यांना म्हटलं.

"बसतो ना," असं म्हणून ते उभेच राहिले.

मी मात्र बसलो. सरांचं आणि सलूनवाल्याचं बोलणं सुरू झालं. सर म्हणत होते पन्नास घे, तो म्हणत होता एक पैसा नको, वर तुमची दाढी करून देतो. मी मजेत ऐकत होतो. जरा वेळाने शेजारचा माणूस म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या मांडीवर बसताय का आता?"

मी सरकत सरकत पार डावीकडे आलो होतो. उजवीकडे हातभर जागा मोकळी सोडून. कोणासाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

"सगळे असंच करतात," सलूनवाला वस्तरा परजत म्हणाला. "ती जागा डायवरची."

सर आरशाखाली पाच रुपये ठेवून निघाले. दुसऱ्या दिवशी ते पाच रुपये त्यांच्या घराच्या दारात, दगडाखाली ठेवलेले सापडले.

*

हेडलाइट पाचाडला एका हॉटेलात होता. हॉटेल म्हणजे कुडाची झोपडी, दोन बाकडी, भजी आणि चहा. मालकाने त्यात बल्ब बसवून तो रस्त्याकडे तोंड करून टांगला होता.

"धंदा वाढावा म्हनून लावला," तो कुरकुरला. "गाड्या थांबतात, नाय असं नाय. ट्रक थांबतात, जीप थांबते. डायवर उतरतो, आत येतो आनि इचारतो, 'कुनाला न्यायचंय का?'"

"मग?"

"मग काय? मी म्हनतो नाय. तो म्हनतो बरं, आनि जातो. चहासुदीक घेत नाय!"

त्याने एका ओळखीच्या ड्रायव्हरला विचारलंही होतं, की बाबा, असं का विचारलंस. तो गोंधळून म्हणाला होता, मी काय विचारलं?

बजेट चाळीस. खर्च शून्य. मालकाने भज्यांचं पुडकं बांधून दिलं ते वेगळंच.

*

भोंगा, तो रबरी फुग्याचा पों-पों करणारा, गारीगारवाल्याच्या हातगाडीवर होता. त्याला गाठलं तर तो जवळजवळ रडायच्या बेतात होता.

"सर, लवकर न्या. पोरं येतात ती येतात. पन कोटआळीत वाजवला की ती म्हातारी सुईन भायेर येते. गाठोडं घेऊन, चपला घालून. म्हनते, 'चल, कुठं जायचं?'"

"तुम्ही काय सांगता?"

"काय सांगनार? गारीगार देऊ का म्हनतो. शिव्या घालते मला."

त्यालाही पैसे नको होते. त्या दिवशी मात्र सर रस्त्यातच भडकले. इतकी वर्षं त्यांना ओळखतो, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"सगळे फुकट देताय! उद्या हेच लोक म्हणतील, बापाने चोरली आणि पोराने फुकटात लाटली. अहो, मला पावती हवी आहे, पावती. एवढं साधं कळत नाही का कोणाला?"

गारीगारवाला घाबरला. त्याने दोन रुपये घेतले, पावतीवर सही केली आणि भोंग्याबरोबर आम्हा तिघांना एकेक गारीगार दिलं. सरांच्या हातातलं तसंच वितळलं. मला फार वाईट वाटलं.

*

बजेटात बचत झाली म्हणून घाबरलेली माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. टायर, बॅटरी आणि रंग दुकानातून आणला, तिथे रोख मोजावे लागले तेव्हा उलट बरं वाटलं.

राहिलं होतं इंजिन. दीड हजाराची तरतूद. सरांच्या परसात आंब्याखाली जाधवने एका रविवारी बाही सारली.

"आता बघ, डांबर निघनार," असं म्हणत त्याने खालचा बोल्ट काढला आणि डबा धरला. डब्यात ऑईल पडलं. पिवळं, स्वच्छ, नवं कोरं. बाटलीतून ओतावं तसं.

जाधव शीळ घालत काम करतो. ती थांबली. त्याने बोट बुडवून वास घेतला, हात पुसले, उठून काकूंकडून पाणी मागून प्यायला आणि मग माझ्याशेजारी येऊन बसला.

"भाऊसाहेब, डेपोत गाडी घाट चढनार असली की आदल्या दिवशी आमी ऑईल बदलतो. हे तसं बदललेलं हाय."

"कोणी बदललं? बावीस वर्षं कोंबड्या होत्या त्यात."

"ते मला नको इचारू. मी फिटर हाय."

हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन चालू झालं.

*

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. कोर्टाच्या रेकॉर्डरूममध्ये दोन शनिवार घालवून त्या अपघाताचे कागद काढले. पंचनामा स्पष्ट होता. वेळ सकाळी अकराच्या सुमारास. गाडी घाट चढत असताना कठडा मोडून खाली गेली. रस्त्याच्या कामावरच्या चार मजुरांनी डोळ्यांनी पाहिलं. चालक जागीच मयत, बरोबर कोणी नाही. प्रेत पोलादपूरला आणलं आणि महाडला घरी कळवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. खाली एक ओळ, "वाहन मालकाच्या परवानगीशिवाय नेले. कारण समजून येत नाही."

सरांनी ती नक्कल तीनदा वाचली.

"कारण समजून येत नाही," ते म्हणाले. "एवढंच हवं होतं मला. त्यांनी गाडी का नेली?"

पैसे शिल्लक, गाडी तयार, आणि माणूस पहिल्याहून दुःखी, असं बजेट मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

*

शेवटचा किस्सा ट्रायलचा.

रविवारी सकाळी निघालो. जाधव चालवायला, शेजारी सर, मागे काकू आणि मी. बाजारातून फिरायचं राहू दे, आधी घाटात चला, असं काकूच म्हणाल्या होत्या. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

अर्ध्या घाटात रेडिएटर तापला. एका वाडीच्या तोंडाशी गाडी थांबवली, जाधव पाणी आणायला गेला, सर आणि मी खाली उतरलो. वरच्या बांधावरून एक म्हातारा उतरला. सत्तरीचा असेल. त्याने गाडीला फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि सरांना विचारलं, "ह्या गाडीवर तो उंच डायवर होता, तो कुठं असतो रे आता?"

"माझे वडील. ते गेले," सर म्हणाले.

"हां. ऐकलं मी मागनं, गाडी दरीत गेली म्हनून. लय वाईट झालं." म्हातारा कठड्यावर टेकला. "माझी बायको अडलेली. सकाळीच मानूस धाडला महाडला. डाक्टर म्हनला, घाटात येनार नाय. तुझा बाप म्हनला, व्हा पुढं, मी गाडी आनतो."

सरांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?" मी म्हटलं.

"मला कुनी इचारलंच नाय."

"पण ते पोचलेच नाहीत तुमच्यापर्यंत," सर कसेबसे म्हणाले. "त्याआधीच..."

"पोचला की! दिवेलागनीला आला. मीच हिला मागं चढवली. पोलादपूरच्या दवाखान्यात आत नेऊन सोडलंन, आनि तिथंच पोरगी झाली. ती आता लेकुरवाळी हाय. परत जाताना गेली ना गाडी?"

मी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे. पंचनाम्याची नक्कल माझ्या खिशात होती. सकाळी अकरा, चार साक्षीदार. जाधव पाण्याची बादली घेऊन तिथेच उभा राहिला होता.

"बाबा, नीट आठवा. सकाळी आले असतील," मी म्हटलं.

"भाऊ, बायको अडलेली मानूस दिवस इसरतो का? सांज होती. मी पैसं काढलं, नको म्हनला. म्हटलं दिवसभर उपाशी असशील, वाईच भाकर खा. तर म्हनला, नको, घरी वाट बघतेय, घरी जाऊन जेवतो."

मग मागच्या सीटवर काकूंनी पदर सारखा केला.

"जेवले," त्या म्हणाल्या. "त्या रात्री दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या."