उलटा हात

पनवेलला वापरलेले लॅपटॉप विकणाऱ्या एका दुकानात लेकीसाठी गेमिंगचा लॅपटॉप बघायला गेलो, तेव्हा माझ्या खिशात पैसे मोजके आणि डोक्यात संशय भरपूर होता.

दुकानदार पन्नाशीचा, तिथल्याच गावातला. लॅपटॉपवर गेम लावायचा, दहा मिनिटं तो चालू द्यायचा आणि मग आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा लॅपटॉपच्या बुडाला उलटा हात लावायचा. मला ते सगळं नाटक वाटलं.

माझ्या बजेटमध्ये एकच बसत होता, लाल दिव्यांच्या कीबोर्डचा. त्याला हात लावून दुकानदार म्हणाला, "यो नको. याला ताप हाय. गेमला टिकनार नाय."

"मग ठेवलाय कशाला?"

"टायपिंगवाल्यांना चालतंय."

मग त्यानं शेजारचा दाखवला. कोपरा घासलेला, दिवे नाहीत, वर महाग. मी मनात म्हटलं, आला मुद्द्यावर!

"मला हाच द्या," मी लाल दिव्यांकडे बोट दाखवलं.

"घ्या, दादा. पन माझ्यावर घेताय तो संशय जरा याच्यावर घ्या."

महिन्याभरात गेम मध्येच अडकायला लागला. लेकीनं विचारलं, "बाबा, दुकानदारानं फसवलं ना आपल्याला?"

मी लॅपटॉपच्या तापलेल्या बुडाला उलटा हात लावला आणि म्हणालो, "हो."